बीजोत्पादनातील हस्तकौशल्य आणि प्रशिक्षणाची भाषा : जालना जिल्हा

शेतीवर उपजीविका करणाऱ्यांची नोंद भारतीय जनगणनेत मुख्यतः 'शेतकरी' व 'शेतमजूर' या दोन सदरांखाली होते. खुरपणी करणारी स्त्री शेतमजूर, आणि कळीतील परागकोश चिमट्याने अलगद काढणारी स्त्रीही शेतमजूरच. दुसऱ्या कामाला लागणारे कौशल्य या नावात कोठेच दिसत नाही. ज्या कौशल्याला नाव नाही, त्याचे शिक्षण कोणत्या शब्दांत द्यावयाचे, हा प्रश्न जालना जिल्ह्यात केवळ तात्त्विक राहत नाही.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच 'महिको', स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याची ख्याती बियाण्यांचे शहर म्हणून झाली, आणि जिल्ह्यात व शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला-बीजोत्पादन रुजले. या उद्योगाचा पाया प्रयोगशाळेत असला तरी त्याची सिद्धी मजुरांच्या बोटांत आहे.

सर्व पिकांत हे काम सारखे नसते. संकरित बाजरीसाठी नरवंध्य मादी वाण वापरतात. तेथे परागकोश हाताने काढावे लागत नाहीत. वेगळ्या ठेवणीची झाडे ओळखून वेळीच उपटणे हे तेथील महत्त्वाचे काम होय. टोमॅटोचे फूल मात्र स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून ते उमलण्याच्या साधारण एक-दोन दिवस आधी, पाकळ्या फिकट पिवळ्या असतानाच, परागकोश काढून टाकावे लागतात. कळी फार कोवळी असेल तर स्त्रीकेसर दुखावतो. उशीर झाला तर पराग आतच गळून संकर फसतो. नंतर नर वाणाचा पराग स्त्रीकेसराच्या टोकाला लावतात आणि फुलाची एक-दोन हिरवी बाह्यदले कातरून खूण ठेवतात. ही खूण पिकलेल्या फळावरही दिसते. खूण नसलेले फळ बियाण्यासाठी घेत नाहीत.

येथे झालेली चूक तत्काळ दिसत नाही, हेच या कामाचे वैशिष्ट्य. शुद्धतेच्या चाचणीत बियाणे नापास झाले तर बीजोत्पादकाचा हंगाम बुडतो; भेसळ बाजारात गेली तर अनोळखी शेतकऱ्याचे पीक बिघडते. तेव्हा केवळ कृती दाखवून भागत नाही. तिचे कारणही समजावे लागते.

कारण समजावताना भाषेची अडचण उभी राहते. स्त्रीकेसराच्या ज्या टोकावर पराग लावावयाचा, त्याला शालेय पुस्तके 'कुक्षी' म्हणतात, तर मराठी विश्वकोश 'किंजल्क' म्हणतो. दोन्ही संज्ञा शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु एकाच बिंदूसाठी दोन अपरिचित शब्द ऐकणाऱ्या शिकाऊ स्त्रीला त्यांतून हाताची दिशा कळत नाही. याउलट, वेगळ्या ठेवणीची झाडे उपटण्याच्या कामास बीजोत्पादनात 'भेसळ काढणे' म्हणतात. दूध व धान्य यांच्या व्यवहारातून आलेल्या या शब्दातच कामाचा हेतू सामावलेला आहे. जी संज्ञा व्यवहारातून येते ती स्वतःच निम्मे शिक्षण देते.

भारतातील पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे निघाले, ते कृतीतून शिक्षण हे तत्त्व घेऊन. जालना जिल्ह्यात खरपुडी येथे असे केंद्र आहे. बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणच्या प्रशिक्षणाला तीन गोष्टींची जोड हवी. कळीच्या योग्य अवस्थेसाठी कामकरी स्त्रिया जे शब्द वापरतात, ते प्रथम टिपून घ्यावेत. पाठ त्या शब्दांत रचून शास्त्रीय संज्ञा नंतर द्यावी. परीक्षा कागदावर न घेता खूण केलेल्या फळांवर घ्यावी, आणि उत्तीर्ण होणारीस कौशल्याचे नाव लिहिलेले प्रमाणपत्र द्यावे.

परिभाषा हा विद्वानांचा विषय मानला जातो. येथे तिचा संबंध मजुरीशी आहे. 'शेतमजूर' या शब्दाला खुरपणीचा दर मिळतो. बारीक हाताच्या कामाचा वेगळा दर मागावयाचा, तर त्या कामाला आधी वेगळे नाव असावे लागते.