सबवूफर: आवाज वाढवण्याआधी कामाची वाटणी

चित्रपटातल्या स्फोटाने खिडक्या थरथरतात, पण संवाद मात्र कळत नाहीत. होम थिएटर असलेल्या अनेक घरांतली ही तक्रार. दोष बहुधा सबवूफरचा नसतो. तो रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये किंवा खोलीत असतो.

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून वरचे आवाज ऐकू येतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणून २० हर्ट्झची एक लहर तब्बल १७ मीटर लांब असते. असे खर्जातले आवाज मोठ्याने उमटवायचे तर भरपूर हवा ढकलावी लागते. चार-पाच इंची स्पीकरला ते झेपत नाही, म्हणून सबवूफर.

रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरसाठी ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’ निवडायचं असतं. स्पीकर उंचपुरा असला की हात ‘लार्ज’कडे जातो. पण हा उंचीचा प्रश्न नाही, कामाच्या वाटणीचा आहे. ‘स्मॉल’ निवडलं की क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वाटणीसाठी ठरवलेल्या हर्ट्झच्या, खालचे आवाज सबवूफरकडे जातात. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यावरचा ताण उतरतो, संवाद मोकळे होतात.

क्रॉसओव्हर बहुतेक ठिकाणी ८० हर्ट्झवर ठेवतात. ही लहर चार मीटरहून लांब. आपल्या दोन कानांतलं अंतर तिच्यापुढे इतकं थोडं, की आवाजाची दिशा नीट कळत नाही. त्यामुळे सबवूफर बाजूला असला तरी स्फोट पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो. अगदी छोट्या स्पीकरना १०० किंवा १२० हर्ट्झ ठेवावं. सबवूफरवरही क्रॉसओव्हरचं बटण असतं. ते पूर्ण वर फिरवून ठेवावं. नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो आणि मधला भाग हरवतो.

आता खोली. सव्वाचार मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आदळून स्थिर लहर तयार करतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. तोच स्वर भिंतीजवळ घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा नेमका मध्यावर असेल, तर व्हॉल्यूम कितीही वाढवा, ती उणीव भरून निघत नाही. शेजाऱ्यांना त्रास तेवढा होतो, कारण खर्जाचे आवाज भिंती सहज ओलांडतात.

उपाय सोपा आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बास गिटारची धून लावा आणि भिंतींच्या कडेने कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे सगळे स्वर सारखे भरीव वाटतील, तिथे सबवूफर ठेवा. मग सबवूफरवरचं फेजचं बटण ० आणि १८० अंशांवर पालटून पाहा. ज्यात बास भरदार वाटेल ते कायम करा. त्यानंतर रिसीव्हरचं स्वयंचलित कॅलिब्रेशन चालवा. लेव्हलला हात सर्वांत शेवटी.

नवा सबवूफर विकत घेण्याआधी घरातला आहे तो जागचा हलवून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.