कोसॅकांची अबोल विनोदमाला

कीव्ह येथील ‘कीव्हनाउकफिल्म’ या मुख्यतः विज्ञानपट काढणाऱ्या सोव्हिएतकालीन संस्थेच्या ॲनिमेशन विभागात दिग्दर्शक व्होलोदिमिर दाख्नो यांनी १९६७ साली एक लघुपट केला. कोसॅक ‘कुलिश’ म्हणजे भरडधान्याची घट्ट पेज कशी शिजवतात, हा त्याचा विषय होता. पुढे १९९५ पर्यंत या मालिकेत एकूण नऊ लघुपट झाले. कोसॅक म्हणजे नीपर नदीच्या खालच्या अंगाला ‘सिच’ नावाच्या तटबंद छावण्यांत राहणारे स्वतंत्र वृत्तीचे लढवय्ये. त्यांची शेवटची सिच रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या सैन्याने १७७५ मध्ये उद्ध्वस्त केली.

चपळ ह्राय, तीक्ष्ण नजरेचा ओको आणि धिप्पाड तूर हे तिघे या मालिकेचे नायक आहेत. ढगळ पायघोळ सुरवारी, लोंबत्या मिशा आणि तुळतुळीत डोक्यावर राखलेली शेंडी ही कोसॅकांची पारंपरिक ठेवण चित्रकार एदुआर्द किरिच यांनी मोजक्या रेषांत पकडली. नायक जवळजवळ बोलतच नाहीत. कथा हालचाली, हावभाव आणि संगीत यांवर चालते, त्यामुळे विनोद समजण्यासाठी भाषेची अडचण येत नाही. काळाची उघड सरमिसळ हे या विनोदाचे मुख्य तंत्र होय. फुटबॉलचे नियम १८६३ मध्ये बांधले गेले असले, तरी १९७० च्या लघुपटात हे कोसॅक युरोपभर फिरून चिलखतधारी जर्मन सरदारांशी आणि डौलदार फ्रेंच मस्केटियरांशी सामने खेळतात. पुढच्या लघुपटांत ते ऑलिंपिकच्या मैदानात उतरतात आणि परग्रहवासीयांनाही भेटतात.

या थट्टेमागचा राजकीय संदर्भ ध्यानात घेतल्याशिवाय मालिकेचे मोल कळत नाही. युक्रेनियन कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख पेत्रो शेलेस्त यांना १९७२ मध्ये पदावरून दूर करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पुस्तकावर कोसॅकांच्या उदात्तीकरणाचा ठपका आला; त्याच १९७३ साली दाख्नोंच्या कोसॅकांनी पडद्यावर आपल्या वाग्दत्त वधू सोडवून आणल्या. इतिहासग्रंथात जो गौरव संशयास्पद ठरत होता, तो मुलांच्या हास्यपटात खपून गेला. १९८८ मध्ये मालिकेच्या निर्मात्यांना राष्ट्रकवी तारास शेव्हचेन्को यांच्या नावाचा प्रजासत्ताकाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्या राज्ययंत्रणेला कोसॅकांचे कौतुक खुपत होते, तिनेच त्यांच्या व्यंगचित्रांवर मान्यतेची मोहोर उमटवली.