सारसबागेंतील तळें

पुण्यांत ज्या देवाला आबालवृद्ध ‘तळ्यांतला गणपति’ म्हणतात, त्याच्या भोंवतीं आज तळें म्हणण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. देवळाच्या पायथ्याशीं कमळांचें पाणी आहे तेवढें; नवखा पाहुणा त्यालाच तळें समजतो आणि मनांत हसतो. वास्तविक तो ज्या हिरवळीवर उभा राहून हसत असतो, ती जागा एके काळीं पाण्याखालीं होती.

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी कीं, सारसबागेंत एकदां तरी आपण तळ्याच्या तळांतून चाललों आहों अशा बुद्धीनें जावें. ऊन उतरल्यावर निघावें, घाई करूं नये. समोर उंचवट्यावर देऊळ दिसतें, तेंच जुनें बेट. नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं आंबील ओढ्याचें पाणी घेऊन तळें करविलें, तेव्हां मधली जमीन उंच राखून तिच्यावर बाग केली. मूळची सारसबाग ती. पुढें १७८४ मध्यें सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत तेथें गजाननाची स्थापना झाली. श्रीमंतांचें वय त्या वेळीं अवघें दहा वर्षांचें! बेटावर नावेनें जावें लागे. गुप्त मसलती नावेंत बसून होत आणि वल्हीं मारण्यास मराठी न जाणणारे हबशी ठेवीत, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, भिंतीला कान असतात म्हणून पाण्याचा आश्रय करणें हें पेशवाईंतील कारभाऱ्यांस शोभण्यासारखेंच आहे.

नांवाकडेहि पाहावें. ‘सरस्’ म्हणजे तळें. जो तळ्याचा तो सारस. पक्ष्याला तळ्यावरून नांव मिळालें आणि तेंच बागेलाहि आहे. तळें गेलें, सारस तर येथें कोणास दिसावयाचा नाहीं. नांव तेवढें उरलें.

देव उजव्या सोंडेचा सिद्धिविनायक. थंडीच्या दिवसांत त्याला लोंकरीचा स्वेटर व कानटोपी घालतात. कित्येक सुशिक्षितांस हें हास्यास्पद वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. ज्या घरांत बाळकृष्णाला कोमट पाण्यानें स्नान घालतात, त्या घरच्या माणसांनीं तरी हसूं नये.

बागेला लागूनच, तळ्याच्याच जुन्या जागेंत, १९५३ सालीं पेशवे पार्क झालें. १९५६ पासून तेथें फुलराणी ही मुलांची आगगाडी धांवूं लागली. प्राणिसंग्रह पुढें कात्रजला गेला; परंतु पुण्यांतील कितीतरी मुलांनीं वाघ पहिल्यानें पाहिला तो येथेंच.

तळें बुजलें म्हणून ओढा मात्र बुजत नाहीं. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो. पूर्वीं तो गांवांतून वाहत असे. नानासाहेबांच्या काळीं त्याला पर्वतीजवळून पश्चिमेकडे वळविलें. एवढें विस्तृत तळें वाटेंत असलें म्हणजे पुराचा लोंढा तेथें पसरतो, हें समजण्यास स्थापत्यशास्त्र शिकावें लागत नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं ह्याच ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या, निजलेलीं माणसें दगावलीं. अरण्येश्वराकडील वस्ती तळ्याच्या वरच्या अंगास. तेथील हानि तळें असतें तरी टळली नसती, हें आम्ही जाणतों. पाऊसहि असाधारण होता. परंतु ओढ्याच्या पात्रांत भराव घालून घरें बांधणें हें कांहीं पर्जन्याचें कर्तृत्व नव्हे. अठराव्या शतकांत ओढा वळवितांना त्याच्या पाण्यासाठीं एवढी जागा राखली. आम्ही ती बागेला दिली, आणि ओढ्याच्या वांट्याला पूल व भिंती ठेविल्या.

पायांत बळ असल्यास तसेंच पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जावें. नानासाहेबांचें देहावसान १७६१ मध्यें तेथेंच झालें. वरून खालची सखल हिरवळ एका दृष्टींत मावते. बरोबर नातवंडें असलीं, तर तळ्याची कड कोठून कोठवर गेली असेल हें त्यांनाच आजोबांच्या काठीनें दाखवूं द्यावें. दोन मुलांच्या दोन कडा होतात आणि कडाक्याचें भांडण जुंपतें. तें मिटविण्याची घाई करूं नये. अंधार पडण्यापूर्वीं उतरावें. बागेशेजारीं भेळेचीं दुकानें आहेत. पथ्य संभाळणाऱ्यांनीं तिकडे पाहूं नये. आम्ही पाहतों.