ताबा मिळाला, पण ताबूचं काय?



“किल्ली हातात आली, घर आपलं झालं,” असं आपण सहज म्हणतो. मराठीत ताबा म्हणजे जागा हातात येणं. इस्राएलमध्ये ताबू म्हणजे जमिनीची सरकारी नोंदवही. दोन्ही शब्द कानाला सारखे, पण अर्थ वेगळे. ताबा मिळाला तरी ताबूत नाव चढलेलं नसू शकतं, आणि त्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहणारी कुटुंबं आहेत. वडील गेल्यावर मुलं घर विकायला निघतात, तेव्हा कळतं की कागदावर मालक अजून जुनाच आहे. हे काम पुरं करून घेण्यासाठीच वकील, म्हणजे ओरेख-दिन, लागतो.

घराचा व्यवहार सर्वांसमक्ष आणि स्पष्ट व्हावा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बेरेशीतमध्ये एफ्रोन फुकट द्यायला निघाला होता, तरी अब्राहाम आविनूंनी 400 शेकेल चांदी तोलून दिली. शेत, गुहा, झाडं, हद्द, सगळं वेशीवर लोकांसमोर ठरलं. आज वेशीच्या जागी नोंदवही आहे, एवढंच.

वकील कोणाचा?

पहिला प्रश्न हाच विचारा. विकणाऱ्याचा वकील विकणाऱ्याचं हित बघतो. “दोघांना एकच वकील, खर्च वाचेल,” असं कोणी म्हणालं तरी जमेल तिथे आपला वकील वेगळा ठेवा. उद्या भांडण झालं तर तो कोणाच्या बाजूने उभा राहणार?

बांधकाम कंपनीकडून नवं घर घेताना तर हे फार महत्त्वाचं. तिथे नोंदणीसाठी कंपनीच्या वकिलाचे पैसे बहुधा आपणच भरतो (त्याला कायद्याने कमाल मर्यादा आहे), म्हणून तो आपला वकील होत नाही.

वकील निवडताना आधी लिश्कात ओर्खेई हदीन, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या यादीत त्याचं नाव आहे का, ते पाहून घ्या. तो घरांचीच कामं करतो का, ते विचारा. कोर्टात नावाजलेला वकील घराच्या कागदात मुरलेला असेलच असं नाही. फी आधी ठरवा आणि लेखी घ्या. सरकारने ठरवलेला दर नाही, तेव्हा घासाघीस करायला लाजू नका. मात्र सांगितलेल्या रकमेत मआम, म्हणजे कर, धरला आहे का ते विचारा. तो 2025 पासून 18 टक्के आहे. आणि ताबूत नाव चढेपर्यंतचं काम त्या फीमध्ये आहे का, हेही लिहून घ्या. बरीच कामं तिथेच अडकतात.

सहीच्या आधी

इस्राएलमधली साधारण 93 टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे आणि तिचा कारभार रशुत मेकरकेई इस्राएल पाहते. आपले जुने लोक अजून तिला मिन्हालच म्हणतात. म्हणून काही घरांचे हक्क ताबूत असतात, काहींचे मिन्हालकडे, तर काहींचे वसाहत बांधणाऱ्या कंपनीच्या दप्तरात. आपलं घर कुठे नोंदलेलं आहे, हे वकिलाने आधी शोधायचं.

नेसाख ताबू म्हणजे ताबूचा उतारा. आपला सातबारा आठवा, साधारण तसाच. थोडी फी भरून तो सरकारकडून इंटरनेटवरही मिळतो. त्यात मालक कोण, मश्कन्ता म्हणजे कर्जाचा बोजा आहे का, जप्ती आहे का, हे दिसतं. त्याशिवाय वकिलाने इरियामध्ये जाऊन बांधकाम परवान्याप्रमाणे आहे का, ते पाहायला हवं. बंद केलेली बाल्कनी किंवा वाढवलेली खोली पुढे डोकेदुखी होते.

आणि एक लक्षात ठेवा. दलाल म्हणतो, “फक्त हा छोटा कागद, झिखरोन द्वारीम, बाकी नंतर.” तो छोटा कागद कोर्टात पुरा करार ठरू शकतो. 1969 च्या जमीन कायद्याप्रमाणे घर देण्या-घेण्याचा शब्द लेखी लागतो, आणि हा कागद लेखीच असतो! वकिलाने पाहिल्याशिवाय सही नको.

पैसे टप्प्याटप्प्याने

करारावर सही झाली की आपला वकील ताबूत हेआरात अझ्हारा नोंदवतो. म्हणजे “या घराचा सौदा झाला आहे, सावधान” अशी सूचना. मग तेच घर दुसऱ्याला विकणं अवघड होतं. ही नोंद होईपर्यंत पहिला हप्ता विकणाऱ्याच्या वकिलाकडे विश्वस्त म्हणून ठेवतात. शेवटची काही रक्कमही विकणारा करांचे आणि इरियाचे दाखले आणेपर्यंत तशीच ठेवतात.

नवं घर असेल तर 1974 चा कायदा आपल्या पाठीशी आहे. किमतीच्या 7 टक्क्यांहून जास्त रक्कम कंपनीने बँक गॅरंटी किंवा तशी दुसरी हमी दिल्याशिवाय घेता येत नाही.

सौद्याची खबर कर खात्याला 30 दिवसांत द्यावी लागते. घेणाऱ्याला मास रेखिशा, विकणाऱ्याला मास शेवाख. नव्या ओलेंना मास रेखिशामध्ये सवलत आहे. आलियाच्या आधी एक वर्षापासून नंतर सात वर्षांपर्यंत ती मिळू शकते. वकिलाला आपण होऊन विचारा.

वारसाहक्काचं घर असेल आणि एखादा भाऊ मुंबईला असेल, तर त्याचं मुखत्यारपत्र लागतं. ते त्याने इस्राएलच्या वकिलातीत किंवा नोटरीपुढे करावं. नोटरीच्या कागदाला अपोस्टिल लागतं.

घर मुलांच्या नावावर करताना

हा भाग नाजूक आहे. वय झालं की पुष्कळजण म्हणतात, “मुलाच्या नावावर करून टाकू, मागे कटकट नको.” इस्राएलमध्ये 1981 पासून वारसा कर नाही. म्हणजे मृत्युपत्र केलं तरी घर मुलांनाच मिळतं आणि हयातभर ते आपलंच राहतं. जिवंतपणी दिलं की दिलं. मुलगा सोन्यासारखा असेल, पण त्याचं कर्ज, घटस्फोट, धंद्यातलं नुकसान, हे कोणाच्या हातात आहे? द्यायचंच असेल तर मरेपर्यंत तिथे राहायचा आपला हक्क करारात लिहून त्याची नोंद करून घ्या.

आणि त्या दिवशी वकिलाला सांगा, “पाच मिनिटं माझ्याशी एकट्याशी बोला.” चांगला वकील हे स्वतःहूनच करतो. सून, मुलगा, नातू बाहेर बसले तर त्यात त्यांचा अपमान नाही. हिब्रू कच्चं असेल तर दुभाषा असा घ्या की ज्याला त्या घरातून काही मिळायचं नाही. समजलं नाही तर “पुन्हा सांगा” म्हणा. घर आपलं, सही आपली, घाई दुसऱ्याची!

मुलांनो, तुमच्यासाठी काम

आजी-आजोबांच्या उताऱ्यावर तीन आकडे शोधा: गुश, हेल्का आणि तात-हेल्का. गुश म्हणजे मोठा गट, हेल्का त्यातला तुकडा, आणि तात-हेल्का म्हणजे इमारतीतलं आपलं घर. हेच तीन आकडे करारातही असले पाहिजेत. एकेक आकडा मोठ्याने वाचा आणि ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी कागद शेजाऱ्याच्या घराचा होतो. मग आजी-आजोबांचं नाव आणि ओळखपत्राचा नंबरही तपासा. तुमचे डोळे ताजे आहेत, त्यांचा उपयोग करा.

शेवटी सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे ते घरात दोघांना तरी सांगून ठेवा. काम संपलं असं वकील म्हणाला की नवा नेसाख ताबू मागा. मिन्हालकडचं किंवा कंपनीकडचं घर असेल तर तिथला हक्काचा दाखला मागा. त्यावर आपलं नाव दिसलं की मगच पेढे वाटा.