बाराबोरची धाकटी भावंडं 🔸 घोड्याच्या (बाहेर हॅमर असलेल्या) दुनळी बंदुका

दुनळी म्हटलं की बाराबोरच आठवते. पण २० बोर, २८ बोर आणि .४१० यांची मजा वेगळी: वजन हलकं, धक्का कमी.

🔸 नळीत बसतील अशा जितक्या गोळ्या एक पौंड शिशात होतात, तितका बोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. १२ बोर १८.५ मिमी, तर २८ बोर १४ मिमी. .४१० हा मात्र इंचातला व्यास.

🔸 जुनी बंदूक आधी जाणकार कारागिराला दाखवा. दमास्कस नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. चेंबर ६५ मिमीचं असेल, तर ७० मिमीचं काडतूस धोक्याचं.

🔸 परवाना हवाच. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाच्या धरून दोनच बंदुका.

🔸 नेम फक्त रेंजवर, मातीच्या तबकड्यांवर. आपल्या कर्जतच्या रेहेकुरी अभयारण्यातली काळविटं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ती दुर्बिणीतूनच बघायची!