दुकानामागची चूल

आपल्या गावातील किराणा दुकान तुम्ही रोज पाहता. तांदूळ, डाळी, गूळ, तेल, मीठ, मसाले असे सारे वाणसामान तेथे मिळते. दुकानदार बेसन विकतो. पण त्या बेसनाची भजी तो तळत नाही. भजी हवी असतील तर आपण नाक्यावरच्या भजीवाल्याकडे जातो. भजीवालाही बेसन त्याच किराणा दुकानातून नेतो. एकाने कोरडा माल विकायचा आणि दुसऱ्याने शिजवलेला, अशी ही वाटणी आहे. ती इतकी जुनी आहे की तिच्याविषयी आपण कधी विचारही करत नाही.

परंतु इंग्लंडमधील लंडन किंवा लेस्टर या शहरांत तुम्ही एखाद्या भारतीय किराणा दुकानात गेलात, तर ही वाटणी पुष्कळ ठिकाणी मोडलेली दिसेल. पुढच्या भागात डाळींच्या पिशव्या आणि मसाल्यांची पाकिटे. गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत गरम समोसे. आणि मागे, पडद्याआड, एक लहानसे स्वयंपाकघर. बसून खाण्यासाठी टेबल-खुर्ची नाही. सारे काही पार्सल. डबा भरून घ्यायचा आणि घरी न्यायचा. दुकानदाराने आपल्या दुकानामागे चूल का बरे पेटवली असेल?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला प्रथम जहाजांकडे जावे लागेल. इंग्रजांच्या राजवटीत त्यांच्या व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी काम करीत. खाली इंजिनाच्या उष्णतेत कोळसा टाकणारे पुष्कळसे लोक बंगालमधील सिल्हेटकडचे असत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान असत, तर खानपानाची व्यवस्था बहुधा गोव्याच्या लोकांकडे असे. कोकणातील कित्येक घरांत ‘बोटीवर असणे’ याचा अर्थच नोकरीला असणे असा होता. यांतील काही खलाशी लंडनच्या बंदरात उतरले आणि तेथेच राहिले. अशाच एका माजी खलाशाने, अब्दुल जब्बार यांनी, १९३६ साली पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेनच्या परिसरात एक किराणा दुकान काढले. ‘ताज स्टोअर्स’ हे त्याचे नाव.

त्या काळी इंग्रजांच्या दुकानांत हळद, जिरे किंवा मसुरीची डाळ सहजासहजी मिळत नसे. पुढे दुसरे महायुद्ध झाले आणि खाद्यवस्तूंवर रेशन आले. ते १९५४ सालापर्यंत पूर्णपणे उठले नव्हते. अशा दिवसांत डाळ-तांदळाचे दुकान म्हणजे परदेशातील एकट्या माणसाला केवढा आधार! मात्र एक अडचण होतीच. ही माणसे एकटी होती. एका खोलीत चारचार जण राहत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पीठ मिळाले, तरी पोळपाट कोठून आणणार आणि पोळी लाटणार कोण? त्याला कोरड्या मालापेक्षा शिजलेले अन्न अधिक हवे होते.

काही ठिकाणी तर चूल आधी आली आणि दुकान नंतर. लक्ष्मीशंकर पाठक हे मूळचे गुजरातचे. ते केनियात राहत होते. १९५६ साली ते कुटुंबासह लंडनला आले, तेव्हा त्यांच्या खिशात अवघे पाच पौंड होते असे सांगतात. त्यांना गटारे साफ करण्याचे काम मिळाले. तेवढ्यात घर कसे चालणार? म्हणून त्यांनी व त्यांच्या पत्नी शांताबेन यांनी घरच्याच स्वयंपाकघरात समोसे आणि मिठाई करून विकायला सुरुवात केली. त्यांचा लहान मुलगा ते पदार्थ बसने गिऱ्हाइकांच्या घरी पोचवीत असे, असेही सांगितले जाते. गिऱ्हाइके वाढली, घरची चूल अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर एक लहान दुकान घेतले. समोसा दुसऱ्या दिवशी शिळा होतो. लोणचे मात्र वर्षभर टिकते. दुकानातून त्यांची लोणची निघाली, आणि पुढे तेलात परतून बाटलीत भरलेला तयार मसालाही निघाला. इंग्रज गिऱ्हाइकांना ‘पाठक’मधला ‘ठ’ उच्चारता येत नसे, म्हणून बाटलीवरच्या नावातील ‘एच’ हे इंग्रजी अक्षर त्यांनी गाळून टाकले. आज ती बाटली अनेक देशांत विकली जाते. तिची कंपनी २००७ साली एका मोठ्या ब्रिटिश उद्योगसमूहाने विकत घेतली.

पुढे १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे ब्रिटनला आली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘आमच्या शहरात येऊ नका’ अशी जाहिरात युगांडाच्या वर्तमानपत्रात छापली होती. तरी लोक आले. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी केलेली कुटुंबे पुष्कळ होती. नवरा गल्ल्यावर, बायको आणि आई मागच्या चुलीवर, मुले शाळेतून आल्यावर पाकिटे भरायला, अशा रीतीने त्यांनी पुन्हा संसार उभे केले. लेस्टरच्या ज्या बेलग्रेव्ह रोडवर ही दुकाने थाटली गेली, त्याला आज लोक ‘सोनेरी मैल’ म्हणतात.

हा झाला इतिहास. पण एकटी माणसे पुढे कुटुंबवत्सल झाली, घरोघर पोळपाट आले, तरीही चूल विझली नाही. असे का झाले? माझे खालू पूर्व लंडनमधील अशाच एका दुकानात बरीच वर्षे कामाला होते. सुट्टीत गावी आले की ते या धंद्याच्या खुब्या सांगत. त्यांचे बोलणे ऐकताना मला प्रथम हिशोब कळला. समजा, एक किलो बेसन विकून दुकानदाराला चार आणे सुटतात. मोठमोठी इंग्रजी दुकानेही आता बेसन आणि आटा ठेवतात, आणि घाऊक खरेदीमुळे त्यांना तो स्वस्तात विकता येतो. त्यामुळे ते चार आणेही पुढेमागे दोन आण्यांवर येतात. पण त्याच बेसनाची भजी तळली, तर तेल, कांदा, गॅस आणि मजुरी यांचा खर्च वजा जाऊनही रुपया हाती राहतो. दुकानाचे भाडे तेच, दिवाबत्ती तीच. म्हणून कित्येक दुकानांत पुढचा माल नावापुरता कमावतो आणि भाडे मागची कढई भरते.

दुसरी गोष्ट भाजीची. मेथी, कोथिंबीर, भेंडी, कढीपत्ता यांतले पुष्कळसे तेथे बाहेरून येते. खालूंच्या दुकानात ही खोकी गुरुवारी येत. शनिवारी गर्दी असे. रविवारी संध्याकाळी उरलेली मेथीची जुडी मान टाकू लागे. गिऱ्हाईक तिला हात लावत नसे. तीच जुडी त्याच संध्याकाळी निवडून, धुऊन, चिरून मेथी-आलूच्या पातेल्यात जाई. “कोमेजणे वेगळे आणि सडणे वेगळे,” असे खालू म्हणत. कोमेजलेली भाजी चुलीवर जाते. सडलेली कचऱ्यात जाते. हा फरक ज्याला कळत नाही, किंवा कळूनही जो लोभापायी विसरतो, त्याने या धंद्यात पडू नये. चूल ही दुकानाची कचरापेटी नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते, आणि मला ते पटते.

बाहेरून येणाऱ्या मालावर अवलंबून राहणे किती नाजूक असते, हे २०१४ साली दिसले. भारतातून आलेल्या काही खोक्यांत फळमाशी व इतर किडी सापडल्या, म्हणून १ मेपासून युरोपीय संघाने आपला आंबा, तसेच अळू, कारली, पडवळ आणि वांगी यांवर बंदी घातली. ब्रिटन तेव्हा त्या संघात होते. ऐन मोसमात हापूस लंडनच्या दुकानांतून नाहीसा झाला. आंब्यावरील ही बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. तोपर्यंत मागच्या चुलीवाल्यांनी डब्यातल्या रसावर लस्सी चालवली. कोकणातल्या माणसाला डब्यातला रस देणे म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता.

चूल आणखी एक काम करते. ती अनोळखी माणसाला दुकानात आणते. इंग्रज गिऱ्हाइकाला फळीवरची धणेपूड आणि गरम मसाला यांतला फरक कळत नाही. तो प्रथम समोसा खातो. आवडला की यात काय आहे असे विचारतो. मग एक दिवस जिऱ्याचे पाकीट घेऊन जातो. समोसा तरी मूळचा आपला कोठे आहे? फारसीतील ‘संबूसा’ तो हा. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या दरबारी जेवणात खिमा, बदाम, पिस्ते आणि अक्रोड भरलेला संबूसा पाहिला होता. बटाटा भारतात आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. दुकान, मसाला, समोसा हे शब्द तुम्हांला मराठी शिकताना नव्याने शिकावे लागत नाहीत, यामागेही अशीच लांबची वाटचाल आहे.

रमजानमध्ये या चुलीला दम घ्यायला वेळ नसतो. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, आणि जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावर. रमजान उन्हाळ्यात आला की रोजा अठरा तासांहून मोठा होतो. कामावरून थकून आलेले लोक इफ्तारच्या अर्धा तास आधी दुकानात येतात. खजूर, फळे आणि गरम भज्यांचा पुडा घेऊन घरी धावतात. त्या अर्ध्या तासात जी गर्दी होते, ती सांभाळताना रोजेदार आचाऱ्याने स्वतः एक थेंबही चाखलेला नसतो. मीठ अंदाजानेच पडते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. तेथे एकाच दुकानात हलाल मांस मागणारे मुसलमान येतात, मांसाचा स्पर्शही न चालणारे शाकाहारी येतात आणि कांदा-लसूण वर्ज्य असणारे जैनही येतात. म्हणून चांगल्या दुकानात तळणीच्या कढया, झारे आणि सुऱ्या वेगवेगळ्या असतात. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. पडदा आड असतो. तो केवळ दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

विश्वासाला कायद्याचीही जोड आहे. अन्न शिजवून विकायचे तर स्थानिक नगरपालिकेकडे नोंदणी करावी लागते. गरम ठेवलेला पदार्थ ६३ अंश सेल्सिअसच्या खाली आणि थंड ठेवायचा पदार्थ ८ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. निरीक्षक न सांगता येतात आणि स्वच्छतेला शून्य ते पाच असे गुण देतात. पाच गुण मिळाले की दुकानदार ते हौसेने दारावर चिकटवतो.

काही माणसांना एखादा पदार्थ जराही सोसत नाही. शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध, गहू अशा चौदा पदार्थांची यादी तेथील कायद्यात आहे. यांपैकी काय काय कोणत्या पदार्थात आहे, ते गिऱ्हाइकाला सांगता आलेच पाहिजे, हा नियम डिसेंबर २०१४ पासून सुट्या पदार्थांनाही लागू झाला. दुकानातच तयार करून आधी बंद केलेल्या डब्यावर सर्व घटक छापण्याची सक्ती ऑक्टोबर २०२१ पासून झाली. आपल्याला वाटते, वरणात गहू कोठून येणार? पण डबीत मिळणारा हिंग शुद्ध नसतो. त्यात बहुधा गव्हाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. चिमूटभर हिंगाच्या फोडणीमुळे वरणाच्या डब्यावर ‘गहू’ असे लिहावे लागते. प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले होते.

परंतु ही हसण्याची गोष्ट नाही. २०१४ च्या जानेवारीत इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात एका गृहस्थाने एका भारतीय उपाहारगृहातून जेवण पार्सल नेले. आपल्याला दाणे चालत नाहीत, असे त्याने आधीच सांगितले होते. डब्याच्या झाकणावर तसे लिहिलेही होते. मात्र मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली होती, आणि तिच्यात शेंगदाणे होते. ते जेवण खाऊन तो गृहस्थ मरण पावला. २०१६ साली न्यायालयाने मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली.

त्या खटल्याची बातमी आली, तेव्हा खालूंच्या मालकाने दुपारी दुकान बंद ठेवून सर्वांना मागच्या चुलीजवळ बोलावले. फळीवरून उचलून आत नेलेले प्रत्येक पाकीट त्या दिवशी तपासले गेले. दोन बरण्यांतल्या पुडी कशाच्या आहेत, हे कोणालाच नीट सांगता येईना. त्या ओतून टाकल्या. तेव्हापासून नियम झाला, की दुकानातून कोणतेही पाकीट चुलीकडे गेले तर त्यावरची घटकांची चिठ्ठी कापून वहीत चिकटवायची, तारीख घालायची आणि ज्याने नेले त्याने सही करायची. उधारीची वही आणि ही वही गल्ल्याखाली शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. खालू कायमचे गावी परतले, तोपर्यंत चिठ्ठ्यांच्या चार वह्या भरल्या होत्या.