शरदात डोळे का चुरचुरतात?

पाऊस सरला की सप्टेंबरअखेरपासून दिवाळीपर्यंत महाराष्ट्रात अनेकांचे डोळे खाजतात, लाल होतात आणि त्यांतून पाणी येते. पावसावर वाढलेली गवते याच सुमारास फुलतात आणि त्यांचे परागकण वाऱ्यावर पसरतात. त्यांत गाजरगवताची भर पडते. १९५०च्या दशकात पुण्यात आढळलेले हे परदेशी तण आज माळरानापासून रस्त्याच्या कडेपर्यंत सर्वत्र दिसते. ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी आणि दिवाळीच्या साफसफाईत उडणारी धूळ यांनीही हाच त्रास होतो. फटाक्यांच्या धुराने आधीच चिडलेले डोळे आणखी चुरचुरतात.

परागकण मुळात निरुपद्रवी असतात. काहींचे शरीर मात्र त्यांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे डोळ्याच्या पातळ आवरणातील मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुन्हा तेच परागकण डोळ्यात गेले की या पेशींतून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते आणि खाज सुटते; हीच अ‍ॅलर्जी. डोळे चोळल्याने या पेशींतून आणखी हिस्टामिन सुटते, म्हणून चोळावे तेवढी खाज वाढते.

‘डोळे येणे’ हा विकार वेगळा. त्यात संसर्ग असतो, तो बहुधा एका डोळ्यापासून सुरू होतो आणि चिकट घाणीने पापण्या सकाळी चिकटतात. अ‍ॅलर्जीत सहसा दोन्ही डोळे खाजतात, स्राव पाण्यासारखा असतो, सोबत अनेकदा शिंकाही येतात. अ‍ॅलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही.

प्रतिबंधाचे मुख्य सूत्र म्हणजे परागकण डोळ्यांपर्यंत पोहोचू न देणे. बाहेर पडताना, विशेषतः दुचाकीवर, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा वापरावा. घरी येताच हात-तोंड धुवावे, कपडे बदलावेत आणि झोपण्यापूर्वी केसांतली धूळ धुऊन काढावी, नाहीतर ती उशीवर उतरते. वारा असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात आणि अंथरुणाची कापडे बाहेर वाळत घालू नयेत. साफसफाई करताना झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. आवारातले गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. त्रास असेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स टाळाव्यात.

खाज सुटली तर स्वच्छ गार पाण्याची पट्टी डोळ्यांवर ठेवावी. कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी परागकण धुऊन निघतात. दरवर्षी त्रास होणाऱ्यांना डॉक्टर हंगामाच्या थोडे आधीच अ‍ॅलर्जीरोधक थेंब सुरू करायला सांगतात. स्टेरॉइडचे थेंब मात्र सल्ल्याविना कधीही घालू नयेत. त्यांनी झटपट आराम पडतो, पण दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणी, मध असे घरगुती प्रयोगही डोळ्यांत नकोत.

डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे किंवा पू येणे ही साध्या अ‍ॅलर्जीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडे लगेच जावे. सतत डोळे चोळणाऱ्या मुलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण या सवयीमुळे बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो.